आधी हुंगू दे

ती. बाबांना,
लांबूनच पाया पडते. मनगट जरा मुरगळलंय, म्हणून अक्षर तिरकं आलंय. काळजीचं काही नाही.

घोड्यावर बसवून मुलांचे पाय सुधारतात, हे तुम्हाला अजून पटत नाही, ठाऊक आहे. पण आमच्या संस्थेला सल्ला द्यायला चार मोठी माणसं दर महिन्याला येतात, तीही फुकट. आणि आम्ही तो कान देऊन ऐकतो, बरं का!

या वेळी प्रश्न आमच्या म्हाताऱ्या घोडीचा होता. चाकाची खुर्ची दिसली की ती बिथरायची. (मनगट तिचीच कृपा.) तिला कामातून काढायचं जवळजवळ ठरलंच होतं. तेवढ्यात मला तुम्ही आठवलात. घोडागाडीत नवं सामान चढवण्याआधी तुम्ही म्हणायचात, “आधी घोड्याला हुंगू दे.”

मी रिकामी खुर्ची तिच्यापुढे ठेवली. तिने चाकं हुंगली, गादी हुंगली आणि जोरात शिंकली. मग एका मुलीला खुर्चीतून उचलून घोडीच्या पाठीवर बसवलं, तरी खांबासारखी उभी!

सल्लागारांतल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हे कुठे शिकलीस?” मी तुमचं सांगितलं. त्यांनी बैठकीच्या वहीत लगेच लिहिलं, ‘पाचवे सल्लागार : हिचे वडील.’

डोळ्यांत थेंब वेळेवर घालता ना? की आईशी रोज तेच भांडण?

वहीत तुमच्या सहीची जागा मोकळी ठेवलीय. जन्मभर तुमचं सांगणं मी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. सही करायला या, बाबा. न्यायला मीच येते.

तुमची,
उशिरा ऐकणारी थोरली