पहाटेची नाडी

प्रिय खारू,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, मी आळशी झालेय गं," आणि तेवढ्यात तुझ्यामागे रांगेत उभी असलेली कुणीतरी "आटप ना बाई" म्हणाली, आणि तू फोन ठेवलास. तुला दहा मिनिटं मिळतात, त्यातली सहाच झाली होती. उरलेल्या चार मिनिटांत मी जे बोलले असते ते चार दिवस घरभर बोलत फिरतेय. स्वयंपाकघरात, जिन्यावर, कपडे वाळत घालताना. बाबांनी काल विचारलं, "कुणाशी चाललंय?" मी म्हटलं, रेडिओशी. ते म्हणाले, "रेडिओ गेल्या महिन्यापासून माझ्या दुकानात उघडा पडलाय." तेव्हा म्हटलं, आता लिहूनच काढावं.

घर आहे तसंच आहे. तिसऱ्या मजल्याचा दिवा अजून लागत नाही. खालच्या काकू दिसल्या की विचारतात, "काय म्हणते आमची हरिणी?" मी म्हणते, मजेत आहे. तुझ्या पलंगावर मी इस्त्रीचे कपडे ठेवते, पण झोपताना उचलून पुन्हा खुर्चीवर ठेवते, कारण पलंग भरलेला बघवत नाही आणि रिकामाही बघवत नाही. शाळेच्या लायब्ररीतून अजून शनिवारी बोलावणं येतं. नव्या बाईंना संगणक येतो, पण फाटलेलं पुस्तक चिकटवता येत नाही. बाबा डोळ्याला भिंग लावून दिवसभर दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसतात आणि आपल्या स्वयंपाकघरातलं बारा मिनिटं मागे असायचं. तू असताना रोज त्यावरून त्यांना चिडवायचीस. आता कुणी चिडवत नाही, म्हणून परवा त्यांनी ते दुरुस्त केलं. मला मुळीच आवडलं नाही.

तू सांगितलंस की प्रशिक्षण केंद्राच्या होस्टेलच्या जिन्यावर तुला दोनदा बसावं लागतं. रात्री अंग मोडून येतं, पण झोप लागत नाही. पूर्वी ज्या वेगाने गप्पा मारत धावायचीस, त्या वेगाने आता पाय उचलत नाहीत. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला, सगळं ठीक. आणि सगळं ठीक आहे म्हणून मग तूच ठीक नाहीस, असं तू ठरवलंस. बाकीच्या मुली विश्रांती घेतात तेव्हा शिक्षा म्हणून तू मैदानाला आणखी दहा फेऱ्या मारतेस, हेही सांगितलंस. किती सहज सांगितलंस. मला ते मैदान दिसत राहतं, त्या पांढऱ्या रेघा, आणि त्यांच्या आत फिरणारी तू. बाहेर पडायची वाट कुठेच नाही, कारण जिथून निघतेस तिथेच परत येतेस.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आजारी मुलींची एक खोली होती, हिरव्या पडद्यांची, हे तुला शंभरदा सांगितलंय. तिथल्या सिस्टरांनी आम्हाला प्रथमोपचार शिकवले. दोघीदोघींच्या जोड्या करून एकमेकींची नाडी मोजायची आणि पाटीवर लिहायची. माझी जोडीदारीण सारखी हसायची, हात हलवायची, मला काही लागेना. मी शेजारच्या जोडीच्या पाटीवर बघितलं आणि बहात्तर लिहून मोकळी झाले. सिस्टरांनी स्वतः तिचा हात धरला. नव्वद. मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, शाळेतल्या शंभर जणांची नाडी मोजून आण, आणि जे बोटाला लागेल तेच कागदावर लिही. आठ दिवस मी वही घेऊन फिरले. मुली, बाई, स्वयंपाकघरातल्या मावशी. माळीबुवांनी हात द्यायच्या आधी तो धुतला आणि घाबरून विचारलं, "किती दिवस आहेत माझे?" शेवटी हेडमिस्ट्रेसबाईंपुढे उभी राहिले. त्यांनी मनगट पुढे केलं आणि म्हणाल्या, "लवकर, माझी बैठक आहे." शंभर भरले तेव्हा बोटं इतकी तयार झाली होती की मला हातात हात घेतला तरी मोजावंसं वाटायचं.

म्हणून तुझ्या धावण्याच्या सरांनी जेव्हा सांगितलं की रोज पहाटे, उठायच्या आधी, पडल्यापडल्या नाडी मोजायची आणि वहीत लिहायची, तेव्हा तू म्हणालीस, "हे खातं आईचं." माझ्या आयुष्यात मला इतकं मोठं पद कुणी दिलं नव्हतं. साडेपाचला मी तुझ्या पलंगाच्या कडेला बसायचे, बाबांनी दिलेलं सेकंदकाट्याचं घड्याळ घेऊन. खिडकी नुकती उजळत असायची. तुझा हात गरम, झोपेने जड. एक मिनिट पूर्ण मोजायचे, अर्ध्याची दुप्पट कधी केली नाही. अठ्ठेचाळीस. कधी सत्तेचाळीस, कधी पन्नास. तू एक डोळा उघडून विचारायचीस, "किती?" आणि मी सांगितलं की उठायचीस. दर शनिवारी सर वही बघायचे. त्यांचा नियम साधा होता: नेहमीपेक्षा सातने वाढलेली दिसली तर त्या दिवशी धावायचं नाही. लागोपाठ वाढत राहिली तर आठवडाभर नाही. तीन वर्षं हे नीट चाललं. माझ्यासाठी दिवसातलं तेच एक मिनिट होतं, ज्यात तू कुठेही धावत नव्हतीस.

मग तो हिवाळा. बाबांनी जेवताना शांतपणे सांगितलं होतं, यंदा केंद्रात निवड झाली तर ठीक, नाहीतर हे बंद, कॉलेज पुरं करायचं. ते दुष्टपणाने बोलले नव्हते, तुलाही माहीत आहे. तुझ्याकडे बघून त्यांना भीती वाटत होती, आणि भीती वाटली की ते तारीख ठरवतात. पण त्या दिवसापासून तू घरात अशी वावरायला लागलीस की जणू भिंती रोज वीतभर आत येताहेत. निवडीला चार महिने होते. सरांनी अंतर वाढवलं. तू दुसऱ्या मजल्यावर थांबून बुटाची लेस बांधायला लागलीस, वर येताना. सुटलेली नसतानाही. मी दार उघडून वरून बघायचे. एकदा पायात एकच मोजा घालून बसल्या जागी झोपलीस, दुसरा हातात. ताटातलं उरायला लागलं. मी विचारलं की म्हणायचीस, "काही नाही गं, थंडी आहे."

त्या दिवशी थंडी होतीच. मी बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघितलं आणि मोजलं, छप्पन्न. वाटलं चुकले. पुन्हा मोजलं. छप्पन्न. सेकंदकाटा पुरा फिरेपर्यंत मी प्रार्थनेसारखी मोजत होते, पण छप्पन्नच. तू एक डोळा उघडलास. आदल्या रात्री मी तुला रडताना ऐकलं होतं, हे तुला माहीत नाही. भिंतीपलीकडून. एक दिवस घरी बसली तर दुसऱ्या दिवशी काय होईल, दुसऱ्या दिवशी बसली तर बाबा काय म्हणतील, हे सगळं माझ्या डोक्यातून त्या एका क्षणात गेलं. तू विचारलंस, "किती?"

मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस."

तू हसलीस आणि उठलीस. आणि मी वहीत अठ्ठेचाळीस लिहिलं.

एकदाच करायचं होतं गं. पण दुसऱ्या दिवशी सत्तावन्न होती. आदल्या दिवशी अठ्ठेचाळीस लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी एकदम सत्तावन्न कशी लिहू? मग सत्तेचाळीस लिहिलं. तिसऱ्या दिवशी अठ्ठेचाळीस. प्रत्येक आकडा आधीच्या आकड्याला बांधलेला, आणि मी त्यांच्या मागे. शनिवारी सरांनी वही उघडली आणि म्हणाले, "पोरगी लोखंडाची आहे. वही सांगतेय, झेपतंय. वाढवू या." त्यांनी आठवड्याच्या ऐंशी किलोमीटरचे शंभर केले, शंभरचे एकशे वीस. मी शेजारी थर्मास घेऊन उभी होते. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तर तू त्या दिवशी घरी आली असतीस. निघाला नाही. पुढे नाडी एकसष्टवर गेली, त्रेसष्टवर गेली, आणि मी तुला पहाटे उठवताना तुझ्याकडे न बघता आकडा सांगायला शिकले.

पण सिस्टरांची शिकवण अगदीच वाया गेली नव्हती. लायब्ररीतली जुनी कार्डं मी घरी आणलेली, यादी करायला उपयोगी पडतात म्हणून, आठवतात? त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी रोज पेन्सिलीने तारीख आणि खरा आकडा लिहीत गेले. का, ते विचारू नकोस. सांगेन, उद्या सांगेन, निवड झाली की सांगेन. सुईदोऱ्याच्या डब्याखाली ती कार्डं साठत गेली. निवड झाली. काकूंनी हार आणला, बाबा पहिल्यांदा दुकान लवकर बंद करून आले, आणि तू माझ्या गळ्यात पडलीस तेव्हा तुझ्या मानेवरची शीर माझ्या गालाला लागत होती. मी मोजली. तेव्हाही नाही सांगितलं.

जाताना तू वही बरोबर नेलीस. म्हणालीस, "माझं मन खोटं बोलेल, पण ही वही नाही बोलणार." दोन महिने झाले, हे वाक्य मला रोज ऐकू येतं.

मंगळवारी तुमच्या डॉक्टरांचं पत्र आलं, पालकांच्या माहितीसाठी. चांगल्या मनाने लिहिलंय बिचाऱ्यांनी. घरी चार महिने नाडी अगदी स्थिर होती, केंद्रात आल्यावर एकदम साठच्या वर गेली, म्हणजे शरीर उत्तम आहे, हा घर सोडल्याचा ताण आहे. फोन कमी करावेत आणि मुलीला गुंतवून ठेवावं. म्हणून सोमवारपासून डोंगरावरच्या शिबिराला पाठवतो, तिथे दिवसातून तीनदा सराव असतो. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स होती. माझं अक्षर.

बाबांनी ती पानं दुकानात नेली आणि दुपारीच परत आले. भिंग कपाळावर तसंच होतं. टेबलावर पानं पसरून म्हणाले, "आधीच्या वर्षांची नाडी बघ. पन्नास, सेहेचाळीस, एकोणपन्नास, बावन्न. आणि ही बघ. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस. माझ्या हातून गेलेलं चांगल्यातलं चांगलं घड्याळ इतकं सरळ चालत नाही. हे मोजलेलं नाही, कुणीतरी बसून लिहिलंय." मी उभीच होते. मला वाटलं आता आवाज चढेल. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "मी तारीख दिली नसती तर लिहिलं असतंस?" मी पानं गोळा करायला लागले. मग त्यांनीच विचारलं, "खरे आहेत कुठे?" मी डबा आणून दिला. त्यांनी एकशे अठरा कार्डं तारखेप्रमाणे लावली, घड्याळाचे स्क्रू लावतात तशी, एकेक, आणि दोन दोरे बांधले.

तर खारू, हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुला आता कळलंच असेल. बाबा फाटकाबाहेरच्या बाकावर बसलेत. तुझी एकही शर्यत बघायला न आलेले तुझे बाबा दुकानाला कुलूप लावून सात तास बसमधून आलेत. तू वाचेपर्यंत ते आत येणार नाहीत. मी मुद्दामच आले नाही, कारण मी समोर असते तर तू माझे डोळे पुसत बसली असतीस, आणि तुला आधी चिडायला हवं. कार्डं घेऊन दोघं आज डॉक्टरांकडे जा. ते शनिवारीच असतात आणि शिबिराची गाडी सोमवारी निघते. पुढच्या बाजूला पुस्तकांची नावं आहेत, तिकडे बघू नका म्हणावं, मागची बाजू. सोबत माझ्या सहीचा वेगळा कागद आहे, वहीतले चार महिने मी खोटे लिहिले असा. मी डॉक्टर नाही. यातून तुझ्या थकव्याचं कारण निघेल की नाही, किती महिने थांबावं लागेल, पुन्हा तशी धावशील की नाही, मला माहीत नाही. एवढंच माहीत आहे की हा थकवा तिथे गेल्यावर सुरू झालेला नाही, तो याच घरात, माझ्या बोटांखाली सुरू झाला. तू आळशी नाहीस. कधीच नव्हतीस. यानंतर माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, पण त्या गाडीत बसू नकोस. हे लिहायला बसण्याआधी पहाटे साडेपाचला सवयीने जाग आली. तुझ्या पलंगावर बसून मी माझंच मनगट धरलं, पूर्ण एक मिनिट. चौऱ्याऐंशी. जे बोटाला लागलं तेच लिहिलंय.

तुझीच, तू म्हणशील तोवर आणि नंतरही,
आई