आत येणाऱ्या पाण्यापेक्षा स्वच्छ

सोमवार, १४ ऑक्टोबर

ताई,

बाटलीला सील लावत होतो तेवढ्यात तुझा फोन आला, म्हणून तुटक बोललो. राग मानू नकोस. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा तसाच, तिची बडबडही तशीच.

तू विचारलंस, "सांडपाण्याचे आकडे नीट आहेत ना?" तीन वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. आजच का?

ज्या रंगाई कारखान्याचं सांडपाणी स्वच्छ, त्याच्या कापडावर परदेशात जकात नाही. व्यापार करारातलं हे कलम तू लिहिलंस. दर तीन महिन्यांनी तपासणीची बाटली मी भरतो, सीलवर सही माझी. कारखान्याचे साहेब म्हणतात, "बहीण व्यापार खात्यात, भाऊ कारखान्यात, मग आम्हाला कसला घोर!" त्यांचं ते हसू मला आवडत नाही.

परवा जुने अहवाल काढले. नदीतून आत घेतलेलं पाणीही आपण मोजतो. सलग अकरा वेळा बाहेर जाणारं पाणी त्याहून स्वच्छ निघालंय. रंग, मीठ, सोडा घालून स्वच्छ! दोन्ही आकडे एकाच पानावर तुझ्या टेबलावर आले. लहानपणी माझ्या वहीतली खाडाखोड तुला लांबून दिसायची. हे दिसलं नाही?

की दिसलं होतं?

तुमच्या पुस्तिकेत आमचा कारखाना आदर्श म्हणून छापलाय: व्यापारही वाढला, नदीही वाचली. आईने ते पान शेजारणीला दाखवलं. मी तेव्हा उठून आत गेलो.

बाटली मी ऑफिसातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरतो. पहिल्या वेळी साहेबांनी सांगितलं. नंतर कुणालाच सांगावं लागलं नाही. नदीपेक्षा तो नळ स्वच्छ, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

खरं पाणी पाठवलं तर सवलत जाईल, चारशे माणसं घरी बसतील, तुझ्या कलमाचंही हसं होईल. नाही पाठवलं, तर खालच्या वस्तीतल्या विहिरींना जांभळट रंग चढू लागलाच आहे.

काय करू, असं तुला विचारणार होतो. पण "राहू दे" म्हणालीस तर? ते मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही. म्हणून फोन करत नाही.

तुझ्यावर संशय घेणारा, तरी तुझाच,
धाकटा

ता.क. मंगळवार सकाळ. कालचं सील फोडलं. सांडपाण्याच्या नळीखाली दुसरी बाटली भरून सही केली. साडेआठला तपासणीची गाडी ती घेऊन गेली.