जाड्याचं पार्सल

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून नियमित रोजनिशी. मुलीचा फोन आला होता. तिला तिचा जाड्या हवाय. जाड्या म्हणजे हॉलमधल्या टाकीतला सगळ्यात थोराड गोल्डफिश. पहिलीत असताना तिने स्वतः निवडून आणलेला. म्हणाली, बाबा, तुम्ही रविवारी घेऊन या ना. मी म्हटलं, त्यासाठी यायची काय गरज, पोस्टाने पाठवतो. तिने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. बहुतेक आनंदाने.

सौ. आणि मुलगी सध्या मेहुण्याकडे हवापालटाला गेल्या आहेत. गेल्या वर्षीपासून. वेळ जावा म्हणून मुलीचं तिकडच्या शाळेत नाव घातलंय. तिकडे जायला मी घाबरतो, असं धाकटा भाऊ म्हणतो. साफ चूक. ऑफिसात काम असतं. कपबशांच्या कारखान्याचं डिस्पॅच मी सांभाळतो. माझ्या हातची बशी कधी फुटून पोचलेली नाही. मासा तर फुटतही नाही.

४ फेब्रुवारी
फिश टँकच्या दुकानात गेलो. दुकानदाराचं ज्ञान: पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन. दोन दिवस आधीपासून खाणं बंद, नाहीतर वाटेत पाणी घाण होतं. आणि पार्सल आठवड्याच्या सुरुवातीला टाकायचं, म्हणजे रविवारी गोदामात पडून राहत नाही. हसू आलं. पार्सलमध्ये मोकळी जागा म्हणजे तूटफूट, हा पॅकिंगचा पहिला धडा. हा माणूस पिशवीत हवा भरून विकतो आणि मला शिकवतो!

ठरवलं, आधी ट्रायल. टाकीत जाड्याशिवाय दोन मासे आहेत. त्यातला एक परगावी राहणाऱ्या धाकट्याला पाठवला. पिशवी काठोकाठ पाण्याने भरली. मासा पाण्यात राहतो, हवेत नाही. हे कळायला दुकान टाकावं लागत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
धाकट्याचा फोन. पिशवी शाबूत. खोका कोरडा ठणठणीत. एक थेंब गळला नाही. पॅकिंग शंभर टक्के यशस्वी.

मासा मेलेला होता. तो विषय वेगळा.

१० फेब्रुवारी
दुसरी ट्रायल. मोठ्या मनाने हवेला जागा दिली. पण उपाशी ठेवणं काही जमलं नाही. एवढ्या लांबच्या प्रवासाला कोणी कोणाला रिकाम्या पोटी धाडतं का? उलट निघताना चमचाभर दाणे जास्तच घातले. आधाशासारखे खाल्ले बिचाऱ्याने.

१३ फेब्रुवारी
धाकट्याचा फोन. पाणी गटारासारखं झालं होतं म्हणे. वासाने त्याची बायको खोका उघडायलाच तयार नव्हती. म्हणाली, भावजींना विचारा, आमच्याशी काही वैर आहे का? ऑफिसात याला ट्रान्झिट लॉस म्हणतात. बायकांना काय कळणार.

टाकीत जाड्या आता एकटाच. मी हॉलमध्ये आलो की काचेशी येऊन उभा राहतो. खायला मागतो, दुसरं काय. सध्या जेवताना खुर्ची टाकीजवळ ओढून घेतो. तिथे उजेड बरा असतो.

१७ फेब्रुवारी
मुलीने परत रविवारचं विचारलं. स्टॉक मोजायचं काम निघालंय, असं सांगितलं. निघेलच. धाकटा म्हणतो, दादा, सरळ मांडीवर डबा घे आणि बसने जा, वहिनी काय तुला खाणार आहे का? मी म्हटलं, बसमध्ये पाणी हिंदकळतं. तो म्हणाला, आणि पोस्टाच्या गाडीत काय देव धरून बसतो? धाकटा आहे, सोडून दिलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
मुलीचा फोन. मामा रविवारी गाडी घेऊन येतोय, जाड्याला नेईल. बाबा, तुम्ही त्रास घेऊ नका.

त्रास! बाप मी, आणि मासा नेणार मामा? ज्याला साधी सुतळीची गाठ मारता येत नाही? उद्याच पाठवतो. सुदैवाने कालपासून जाड्याला खाणं घालायचं विसरलोच होतो. याला पूर्वतयारी म्हणतात.

२२ फेब्रुवारी, शनिवार
पाठवला. या वेळी सगळं शास्त्रशुद्ध. दुकानदाराकडून ऑक्सिजन भरून घेतला, पिशवीला बाहेरून दुसरी पिशवी, थर्माकोलचा खोका, वर लाल अक्षरांत ‘जिवंत मासा’. दुकानदार म्हणाला, साहेब, आज शनिवार आहे. मी म्हटलं, कॅलेंडर आमच्याकडेही आहे. पोस्टातल्या बाईंनी खोका कानाशी धरून हलवला. मी ओरडलो. रांगेतले लोक बघायला लागले.

पिशवीत सोडताना जाड्या तळहातावर आला होता. चांगला वजनदार. पिशवीचं तोंड दोनदा चुकलं. सकाळी चहा झाला नव्हता.

मेहुण्याला फोन करून टाकला, येण्याची गरज नाही म्हणून. त्याचा चेहरा बघायला मिळाला नाही, एवढीच खंत.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
पोचला! मुलीनेच फोनवर सांगितलं. कसा आहे विचारलं, म्हणाली, छान आहे. पुन्हा विचारलं, तरी छान. आवाज बसलेला वाटला, तिकडे थंडी असेल. फोटो पाठव म्हटलं, तर म्हणे पाण्यात नीट येत नाही. वाकडी वाट करून दुकानदाराला सांगून आलो. तो म्हणाला, नशीब काढलंत साहेब. नशीब नाही, पॅकिंग.

आता दोघी परत येतील, असं धाकट्याला म्हटलं. तो म्हणाला, मासाही तिकडे गेला, आता त्या इकडे कशाला येतील? त्याला दूरदृष्टी नाही.

२८ फेब्रुवारी
विचार पक्का होतोय. नोकरी सोडायची आणि जिवंत माशांची पार्सल सेवा काढायची. मुलीशी आता रोज बोलणं होतं, हा केवढा फायदा! जाड्या खातो का? खातो. किती? थोडंसं. थोडंसं चालणार नाही. त्याच्या आवडत्या दाण्यांचा मोठा डबा आज पाठवून दिला.

४ मार्च, मंगळवार
डबा मिळाला. सौ.चा स्वतःचा फोन आला. इतक्या महिन्यांत पहिलाच. वाटलं, आली गाडी रुळावर.

ती म्हणाली, खाणंबिणं पाठवू नका. मासा मेलेलाच आला होता. शाळेतून धावत येऊन पोरीने खोका उघडला. खालच्या बागेत नेऊन त्याला तिनेच पुरलं. बाबांना सांगू नकोस, त्यांना वाईट वाटेल, असं मलाच बजावलं. रोज तुमचा फोन येतो, रोज खोटं बोलते, आणि मग जेवत नाही. आता पुरे करा.

रविवारमुळे झालं, पॅकिंगमध्ये खोट नव्हती, हे सांगणार होतो. त्याऐवजी मुलीला दे म्हटलं.

ती आली. मी म्हटलं, या रविवारी मी स्वतः येतो. बसने येतो.

ती म्हणाली, आता कशाला, बाबा? रागाने नाही. खरंच विचारत होती.

बरं, ऑफिसातही काम आहेच, असं म्हणालो.

ती म्हणाली, माहीत आहे.