दाराजवळची चटई

९ जानेवारी १९८३, रविवार
सकाळी चहा मीच केला. सौ. बाहेर बसली आहे. मागच्या आठवड्यात उठली होती, पुन्हा बसली. पाळी आली की थांबतच नाही. आईच्या जाण्याचा तिने फार धक्का घेतला आहे. बोलून दाखवत नाही, पण मला समजतं.
माणूस गेल्यावर लोक फोटो लावतात. मी आईचा नियम ठेवला आहे. सौ.ची चटई दाराजवळ, ताट-तांब्या वेगळा. आईची खाट अंथरुणासकट होती तशीच आहे. तिच्यावर कोणी बसत नाही.
दुपारी पिठलं केलं. उत्तम झालं. सौ. म्हणाली, मीठ राहिलं.

२० जानेवारी
सौ. म्हणाली, लेडी डॉक्टरला दाखवू या. म्हटलं, आईचं वर्षश्राद्ध होऊ दे, मन मोकळं झालं की आपोआप थांबेल. ती म्हणाली, दुखतंय ते ओटीपोटात, मनात नाही. श्राद्धानंतरचा पहिला सोमवार ठरवला. पक्का.

२ फेब्रुवारी
देवळ्याहून आक्का आली. थोरली बहीण, बोलण्यात आईवर गेली आहे. म्हणाली, आप्पा, सिंधू ही अशी दाराशी, मग श्राद्धाचे वडे कोण तळणार, तू?
विचार केला. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मिळतात, गणपतीत बायका घेतातच. शिफ्ट सुटल्यावर सातपूरच्या मेडिकलमधून आणल्या. दुकानदाराने चिठ्ठी मागितली. म्हटलं, धार्मिक कार्य आहे. त्याने दिल्या.

१० फेब्रुवारी
वर्षश्राद्ध. गोळ्यांनी सगळं थांबलं. खीर, वडे, अळूवड्या, सगळं सौ.ने उभ्याने केलं. मध्ये दोनदा भिंत धरली. आक्का म्हणाली, तोंड लय पांढरं दिसतंय गं तुझं. सौ. म्हणाली, पीठ उडालं असेल.
माझा अंदाज खरा ठरला. कार्य झालं, दुखणं गेलं. गोळ्या बंद केल्या. सोमवार रद्द.

१४ फेब्रुवारी, सोमवार
पुन्हा बसली. म्हणाली, इतकं कधीच गेलं नव्हतं. आल्याचा चहा दिला. रजा श्राद्धात संपली, म्हणून कामावर गेलो.

१५ फेब्रुवारी
सौ.चा भाऊ गोरक्ष चांदवडहून कांदा घेऊन मार्केटला आला होता. जाता जाता घरी डोकावला. सौ. मोरीपाशी पडलेली. टेम्पोत पुढे बसवून दवाखान्यात नेलं. मला कंपनीत निरोप आला.
अंगात रक्त फारच कमी निघालं. गोरक्षने दिलं. मी देणारच होतो. त्याचं आधी घेतलं.
डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं, वर्ष झालं, आई गेल्याच्या दुःखाने. कॉटवरून सौ. म्हणाली, तीन वर्षं झाली. सासूबाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, बाईच्या जातीला चालायचंच.
श्राद्धाच्या गोळ्यांचंही तिनेच सांगितलं. डॉक्टरबाईंनी पाकीट मागून घेतलं. क्युरेटिंगसाठी, म्हणजे गर्भपिशवी आतून खरवडून तपासायला, मी सही केली.

२४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. पिशवीचं आतलं अस्तर जाड झालं आहे, जुनी सूज आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, अस्तर नीट झडत नाही, वाढत राहतं, मग कसंही जातं. काही महिने त्यांच्या देखरेखीखाली औषध, मग पुन्हा तपासणी. दुर्लक्ष केलं तर पुढे वाईट होऊ शकतं. विचारलं, धक्क्याने होतं का? म्हणाल्या, नाही.
तरी थोडाफार असेलच.
सौ.ला सांगितलं, घरी चल, मी सुधारणा केली आहे, चटई पंख्याखाली सरकवली. ती म्हणाली, नुसती सरकवली?
गोरक्ष म्हणाला, दाजी, आमच्याकडे खाट आहे. बाई आजारी पडली की खाटेवर झोपते.

२७ फेब्रुवारी, रविवार
सौ. चांदवडला गेली. निघताना तिने विचारलं, आईंच्या खाटेवर कोण झोपतं? म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, तेच म्हणते मी. औषधाच्या बाटल्या तिने स्वतःच पिशवीत भरल्या.
दुपारी पिठलं केलं. मीठ राहिलं.
संध्याकाळी आईच्या खाटेवरचं अंथरूण काढलं. गादी सकाळी ऊन येतं तिथे ठेवली, चादर धुतली. चादर पिळायला समोर दुसरं माणूस लागतं. एक टोक नळाला बांधलं आणि पिळली.