कतारच्या उन्हातल्या पापड्या

चि. अंकुश,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून आज मनातलं सगळं लिहिते.

फोनवर तूच सांगायचास ना, "आई, कतारमध्ये नदी नाही, डोंगर नाही, पाऊस नाही, नुसतं ऊन!" कोपरखैरण्यात गच्चीवर वाळवण घालायला सोसायटीशी भांडावं लागतं. म्हणून तुझ्याकडे आल्यावर हौसेनं बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्या घातल्या. संध्याकाळी कडक वाळल्या, सकाळी बघते तर दमट. समुद्राची वाफ काचांवरून ओघळत होती. पुन्हा वाळवल्या, तर असा वारा सुटला की आभाळच पिवळं झालं आणि पापड्यांवर पिठासारखी वाळू बसली.

ऑफिसातून आलास आणि सूनबाईसमोर ओरडलास, "हे काय गाव वाटलं का तुला? एवढं साधं कळत नाही?" सगळ्या पापड्या कचऱ्यात ओतल्यास.

मी पाहुणी, मला कसं कळणार रे? तू इतकी वर्षं राहतोस, तुला तरी कुठं ठाऊक होतं? एसी घरातून एसी गाडीत, गाडीतून एसी ऑफिसात. हा वारा कधी थांबतो विचारलं, तर खिडकीबाहेर न बघता मोबाइल काढलास!

बाल्कनीच्या कोपऱ्यात राहिलेल्या मूठभर पापड्या मी पर्समध्ये लपवून इकडे घरी आणल्या. काल थोड्या तळल्या. दाताखाली कचकच वाळू आली. उरलेल्या डब्यात ठेवल्यात. दिवाळीला आलास की तुझ्याच पानात वाढणार आहे. एकदा तरी चावून बघ, कुठं राहतोस ते.

तुझी अडाणी,
आई