गिलक्यांचा मांडव

१४ मे १९८८, शनिवार. एरंडोल

डोकं नुसतं भणभणतंय. वापीच्या कारखान्यात आम्ही बंगल्यांच्या बागांसाठी लाकडी मांडव बनवतो. त्यातला एक, सुटे भाग बांधून, आईच्या गिलक्यांच्या वेलासाठी आणला. पत्रात लिहिलं होतं, 'सुट्टीत मांडव घेऊन येतो.' एवढंच. गिलक्यांचा, हा एक शब्द लिहायला काय झालं होतं मला?

आज अंगणात चारही खांब उभे केले. बोल्ट आवळत होतो, तर आबा येऊन पहिल्या खांबाला आंब्याचा डहाळा बांधायला लागले. लग्नाच्या मेढीला बांधतात तसा! म्हणे, मांडव आणतो लिहिलं, म्हणजे पोरगा लग्नाला तयार. धरणगावची पोरगी ठरवून शब्दही देऊन आले. मला न विचारता!

"आबा, हाऊ गिलकासना मांडव शे!" मी ओरडलो.

"गिलका वर चढतीन. तू खाले बस."

शेजारच्या बाया हसल्या. आईसुद्धा हसली, त्याचाच जास्त राग आला.

डहाळा तोडून फेकला मी. आबा तेव्हापासून बोलत नाहीत. नका बोलू. एक शब्द मी खाल्ला, पण शब्द देऊन तुम्ही आलात ना? उद्या पहिल्या एसटीने धरणगावला जातो आणि पोरीच्या बापाला तोंडावर सांगतो. तो मारेल कदाचित. मारू दे. त्या पोरीलाही कुणी विचारलं नसेल.