सतरा नंबरची पेटी

२६ जानेवारी २००४
असिस्टंटशिप मिळाली एकदाची. व्हिसाचं टेन्शन सेमिस्टरपुरतं तरी मिटलं. काम मात्र म्युझियमच्या तळघरात. डॉ. डब्ल्यू. (म्युझियमचे मुख्य, गोड बोलतात, घड्याळाकडे बघत बोलतात) म्हणाले, जुनी कार्डं आहेत, त्यांचा डेटाबेस कर. कशाची कार्डं ते खाली गेल्यावर कळलं. अडतीस पेट्या. माणसांची हाडं.

नदीकाठी किल्ला होता, अडीचशे वर्षांपूर्वीचा. आधी फ्रेंचांचा, मग इंग्रजांचा. समोरच्या काठावर लेनापे लोकांचं, म्हणजे अमेरिकेतल्या एका मूळच्या जमातीचं गाव. रस्ता करताना दोन्ही काठ खणले, तेव्हा थडगी निघाली. तेव्हापासून सगळे तळघरात.

आईला फोनवर सांगितलं. नागपूरला तिनं आधी टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "कोणाला सांगू नको. आणि घरात शिरलीस की आधी डोक्यावरून पाणी घे."

२ फेब्रुवारी
बाहेर उणे अकरा. कॅम्पस बस वीस मिनिटं उशिरा. घरी येऊन ओल्या केसांनी कणीक मळली. वैदेही (रूममेट, पुण्याची, नाक वर) म्हणाली, "रोज संध्याकाळी आंघोळ? तिकडे काय करून राहिली गं तू?" माझ्या नागपुरीची नक्कल करते भवानी. हाडांचं सांगितलं तर ताटाला हात लावायची नाही. धूळ असते म्हटलं.

९ फेब्रुवारी
फॉर्म मीच बनवला. पेटी नंबर, वय, सोबत सापडलेल्या वस्तू, कोण. 'कोण'ला तीन पर्याय, फ्रेंच / इंग्रज / नेटिव्ह. शेवटी एक खूण, 'पेटी उघडून पडताळली'. कार्ड वाचायचं, पेटी उघडायची, जुळवायचं, मग खूण करायची, असं काम आहे.

पहिली पेटी टेबलावर घेतली. झाकणाला हात लावला आणि काढून घेतला. आमच्यात बायका स्मशानात जात नाहीत. बाबांच्या वेळी मी फाटकापर्यंत गेले, तिथून काकांनी परत पाठवलं. अस्थीसुद्धा दादानंच आणल्या, बाहेरच्या बाहेर नेल्या. आणि इथे मी एकटी, हीटरचा आवाज, समोर कोणाचं तरी डोकं.

कार्डावर सगळं लिहिलंय की. उघडून वेगळं काय दिसणार.

११ फेब्रुवारी
प्रत्येक वेळी खूण करायचा कंटाळा. डीफॉल्टच 'हो' करून ठेवलं, खूण आपोआप पडते. कामाला स्पीड आला.

१३ फेब्रुवारी
कार्डं लिहिणारा महाशंकेखोर. क्र. १७ वर, 'मूल, सहा-सात वर्षं. पितळी क्रूस. फ्रेंच?' माझ्या यादीत प्रश्नचिन्हाला जागा नाही. फ्रेंच टाकलं. क्रूस म्हणजे फ्रेंच, लाल कोटाची बटणं म्हणजे इंग्रज, शंख-मणी म्हणजे नेटिव्ह. अशी विभागणी लावली की पटापट होतं.

२७ फेब्रुवारी
संपलं. फ्रेंच ११, इंग्रज ९, नेटिव्ह १८. डॉ. डब्ल्यू. भयंकर खूश. "आणि सगळ्या पेट्या पडताळल्यास? वंडरफुल." मी होकारार्थी मान हलवली. हलवली म्हणजे हलवलीच.

कायद्यानं नेटिव्ह लोकांची हाडं त्यांच्या जमातीला परत करावी लागतात, म्हणजे अठरा जणांबद्दलचं पत्र ओक्लाहोमाला गेलं. लेनापे आता तिकडे असतात. हाकलत हाकलत नेले तिथवर. फ्रेंच-इंग्रजांना तो कायदा लागू नाही; इंग्रज नऊ तूर्त तळघरातच. त्या अकरांना गावातलं चर्च दफन करणार, १ मे ला, सैनिक म्हणून.

२५ मार्च
जमातीतर्फे बाई आल्या. रूथ. सत्तरीच्या, काठी, पांढरी वेणी, पायात मुलांसारखे कॅनव्हासचे बूट. दोन दिवस बसचा प्रवास करून. अठरा पेट्यांपुढे उभ्या राहून त्यांच्या भाषेत काही बोलल्या, हळू, एकेका पेटीशी. मी दाराशी, कुठे बघावं कळेना.

मग माझी यादी मागितली. बोट ठेवत वाचली. क्र. १७ वर थांबल्या. "हे सैनिक ना? मग सहा वर्षांचं मूल कुठून आलं?"
डॉ. डब्ल्यू. म्हणाले, असेल कोणा अधिकाऱ्याचं.
"आणि ही बाई? आणि ही म्हातारी?"
"क्रूस होते त्यांच्याजवळ."
रूथबाई म्हणाल्या, "माझ्याही आजीजवळ होता."


२६ मार्च
त्यांना बस स्टॉपवर पोचवायला मी गेले. बस यायला अवकाश होता. त्यांनीच जुना विषय काढला, त्यांच्याच शब्दांत लिहिते. फ्रेंच आले, म्हणाले आम्हाला फक्त कातडी हवीत, जमीन नको. क्रूस दिले, बारूद दिली. इंग्रज आले, बटणं, भांडी, ब्लँकेटं दिली, म्हणाले फ्रेंचांशी बोलू नका. दोघांनाही आमची पोरं लढायला हवी होती. मग तिकडे समुद्रापलीकडे दोघांनी कागदावर तह केला, फ्रेंचांनी आमची जमीन इंग्रजांना देऊन टाकली. "आम्हाला विचारलं नाही. दिलेली भांडी मात्र आमच्याकडेच राहिली. तीच घेऊन पुरले गेलो."

मग एकदम, "तू पेट्या उघडल्यास. त्या मुलाजवळ आणखी काय होतं?"
मी म्हटलं, कार्डावर आहे तेवढंच.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बस आली.
खोटं बोलले. सत्तर वर्षांच्या बाईशी, तोंडावर.

६ एप्रिल
झोप नाही धड. वैदेहीला सगळं सांगून टाकलं, हाडांपासून. तिचा पहिला प्रश्न, "म्हणजे रोजची ती आंघोळ तू न शिवलेल्या पेट्यांसाठी करत होतीस?"
हो.
हसली नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

१९ एप्रिल
उघडली. सतरा.

कापसात गुंडाळलेलं. लहान जबडा. दुधाचे दात, आणि त्यांच्या मागून येऊ लागलेले मोठे, अजून हाडातच. पुतणी आठवली, तिचे पुढचे दोन आत्ताच पडलेत.

क्रूस होता. एकटा नव्हता. एकाच दोऱ्याचा तुकडा, त्यात शंखाचे मणी, मग क्रूस, मग पुन्हा मणी, मग इंग्रज सैनिकाचं बटण. कोणीतरी बसून ओवलेली माळ. जे चमकलं ते पोरीच्या गळ्यात घातलं असणार. पोरगी की पोरगा माहीत नाही. मी पोरगीच म्हणते.

आणि तळाशी पिवळी चिठ्ठी, शिसपेन्सिलीनं, 'गावाचा काठ'.
किल्ल्याचा नाही. गावाचा.
पेटी उघडली असती तर फेब्रुवारीतच दिसलं असतं. दोन मिनिटांचं काम होतं.

घरी आले, जेवायला बसले. वै. म्हणाली, "आंघोळ?" लक्षातच नव्हतं. आज पहिल्यांदा खरंच हात लागला होता.

२० एप्रिल
सकाळी आणखी तीन उघडल्या, फ्रेंचांपैकी. दोन गावाच्या काठच्या. एक खरंच किल्ल्यातला, बुटाच्या नाळांसकट. म्हणजे चारात तीन चूक. सात राहिल्या, त्या जागेवर नव्हत्या.

डॉ. डब्ल्यू.ना जाऊन सांगितलं. डीफॉल्टचंही सांगितलं.  ते रागावले नाहीत, ते जास्त वाईट. दार लावून घेतलं. म्हणाले, तीन यादीतून काढू, 'अज्ञात' लिहू, बघू पुढे. बाकी सात चर्चला गेलेत, शवपेटीत बंद झालेत, फादरना काय सांगू? पत्रिका वाटून झाल्या.
मी म्हटलं, सात उघडून बघू.
"तू थकलीस. परीक्षा जवळ आल्यात." तळघराची किल्ली मागून घेतली. जाता जाता, अगदी सहज, "पुढच्या सेमिस्टरच्या असिस्टंटशिपचं मी अजून ठरवलेलं नाही."
असिस्टंटशिप नाही तर व्हिसा नाही. त्यांना माहीत आहे. मलाही.

म्हणजे सतरा नंबर आता पुरणारही नाहीत आणि परतही देणार नाहीत. शेल्फवरच. माझी कर्तबगारी.

२४ एप्रिल
आई म्हणते, नसत्या भानगडीत पडू नको, एवढं शिकायला गेलीस, डिग्री घे आणि ये. वै. म्हणते, यार, ईमेल कर त्या बाईंना आणि मोकळी हो. दोघींचं बरोबर वाटतं. मला स्वतःचा संताप येतो, बाकी काही नाही. शिवायचं नव्हतं तर काम घ्यायचं नव्हतं.

२६ एप्रिल
रूथबाईंना फोन केला. ईमेल कशाला, तोंडानं खोटं बोलले होते. सगळं सांगितलं. त्यांनी दफनाची तारीख दोनदा विचारली. मग, "मी येते." दफन थांबवायला त्या कोर्टात अर्ज करणार. आपल्या बाजूनं कागद काहीच नाही, माझी यादी सोडून, आणि यादीत सगळीकडे 'पडताळली: हो'.

१ मे
थांबलं नाही.
चर्चच्या आवारात एकच मोठा खड्डा, आठ शवपेट्या, छान पॉलिश केलेल्या. फ्रेंच झेंडा. बिगुल वाजवला. फादर भले माणूस, शूर सैनिकांविषयी बोलले, मनापासून. रूथबाई भिंतीशी उभ्या, तेच बूट. मी त्यांच्या शेजारी.
हळूच विचारलं त्यांनी, "यातल्या कितींचे काठ तुला माहीत आहेत?"
एकाचा.
"आणि सात?"
नाही माहीत.
एक शवपेटी इतरांपेक्षा आखूड होती. क्र. २६, वय दहा. हेही मीच टाइप केलंय.
माती टाकायला सगळे रांगेत गेले. रूथबाई नाही गेल्या. मीही नाही. वरून सिमेंटचा चौथरा होणार म्हणे, पुढच्या आठवड्यात.

४ मे
रूथबाई मोटेलमध्ये राहिल्यात, वकिलाला भेटायला. त्यांनी काही मागितलं नाही. मीच कागद घेऊन गेले. लॅबमध्ये टाइप केला, सहा ओळींचा. यादी मी केली. एकही पेटी उघडली नव्हती. 'हो' मी आधीच भरून ठेवलं होतं. नंतर चार उघडल्या, त्यांत तीन गावाच्या काठच्या. मला घाबरायला झालं होतं, असंही एक वाक्य होतं, ते खोडलं. त्याचा त्यांना काय उपयोग.

खाली न उघडता पुरलेले सात नंबर हातानं लिहिले. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. सही.

रूथबाईंनी दोनदा वाचला, घडी घालून पर्समध्ये ठेवला. थँक यू म्हणाल्या नाहीत, ते बरंच झालं. म्हणाल्या, एक वर्ष लागेल, दोनही लागतील. चौथरा फोडायची परवानगी मिळेल की नाही सांगता येत नाही. मग, "उघडतील तेव्हा तू येशील? या वेळी हातानं."
येईन म्हटलं.
डॉ. डब्ल्यू.ची ईमेल दुपारीच आलेली आहे, पुढच्या सेमिस्टरविषयी. अजून उघडली नाही.